निरोपाची काचभेट : शाळेत करता येण्याजोगे काचकाम

वर्षाच्या अखेरीस प्राथमिक शाळांतून निरोपाचे समारंभ होतात. चौथीची, पाचवीची किंवा सातवीची मुले शाळा सोडून पुढच्या गावी शिकावयास जातात. कोठे एखादे गुरुजी अथवा बाई सेवानिवृत्त होतात, कोठे त्यांची बदली होते. शिवाय डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस ५ सप्टेंबर हा १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. अशा प्रसंगी भेट देण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे आणि तिच्या मुळाशी असलेली भावना चांगलीच आहे. परंतु भेट विकत आणावयाची म्हटले की वर्गणी आली आणि वर्गणी आली की ती देऊ न शकणारे मूलही आले. ज्या मुलाच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, ते मूल त्या दिवशी शाळेला येण्याचे टाळते किंवा आले तर मागच्या रांगेत बसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाच्या आड येईल असा कोणताही आकार मुलाकडून घेण्यास मनाई केली आहे. समारंभाची वर्गणी हा शुल्काचा प्रकार नसला, तरी त्या कायद्यामागील हेतू शिक्षकांनी येथेही ध्यानात ठेवणे उचित होय.

यावर उपाय म्हणजे भेट शाळेतच, मुलांच्या हातून तयार व्हावी. कागद, माती, बांबू यांच्या वस्तू शाळाशाळांतून होतातच. काचेच्या वस्तूकडे मात्र शिक्षक सहसा वळत नाहीत, कारण काच म्हणजे धोका अशी समजूत असते. ही समजूत निराधार नाही. तथापि काचेचा धोका कोठे आहे आणि कोठे नाही हे नीट समजून घेतल्यास दोन सुंदर व टिकाऊ भेटी खेड्यातील शाळेतही करता येतात. एक शिक्षकांसाठी व दुसरी शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी. त्यांची कृती पुढे दिली आहे. तत्पूर्वी काच हा पदार्थ काय आहे ते पाहू.

काच म्हणजे काय?

नेहमीच्या वापरातील काच ही वाळू, सोडा व चुना या तीन द्रव्यांपासून होते. त्यांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के भाग वाळूतील सिलिका या द्रव्याचा असतो. निव्वळ सिलिका वितळवावयाची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते, परंतु नुसता सोडा घातलेली काच पाण्यात विरघळते. ती विरघळू नये म्हणून चुना घालतात. लोखंडास वितळण्याचा एक ठरावीक बिंदू असतो, तसा काचेस नाही. तापविली असता ती हळूहळू मऊ होत जाते आणि निवताना हळूहळू घट्ट होत जाते. म्हणूनच कारागिराला ती फुंकता येते, ओढता येते, वळविता येते.

मग शाळेच्या चुलीवर बांगडीचे तुकडे तापवून मणी का करू नयेत, असा प्रश्न उत्साही शिक्षकांच्या मनात येईल. लाकडाच्या निखाऱ्यात काच मऊ होऊ शकते, हे खरे. अडचण पुढे येते, ती निवण्याची. काच उष्णतेची मंद वाहक आहे. गरम तुकडा हवेत ठेवला की बाहेरचा थर लवकर घट्ट होतो आणि आतला भाग तापलेलाच राहतो. पुढे आतला भाग निवून आकसू पाहतो, पण बाहेरचा घट्ट थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीमुळे काचेत ताण साठून राहतो आणि ती तत्काळ किंवा कित्येक तासांनी, कोणी हात न लावताही, फुटते. हा ताण घालविण्यासाठी कारखान्यात वस्तू सुमारे ५५० अंशांच्या भट्टीत ठेवून सावकाश निववितात. यास मंदशीतन म्हणतात. अशी सोय शाळेत नसते. म्हणून शाळेतील काचकाम हे नेहमी थंड काचेचेच असावे. काच तापविण्याचा प्रयोग कोणत्याही कारणास्तव मुलांसमोर करू नये.

महाराष्ट्रातील काचेचा धंदा

मुलांना काम सांगण्यापूर्वी या पदार्थाचा आपल्या भागातील इतिहास सांगितल्यास पाठ अधिक जिवंत होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी काचेच्या चिमण्या, बाटल्या व बांगड्या मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येत. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. एकेका पैशाच्या बळावर भट्टी पेटली, ही गोष्ट निरोपाच्या भेटीचा विचार करताना मुलांना अवश्य सांगावी. त्या उपक्रमात देणाऱ्याची रक्कम मोजली गेली नाही, सहभाग मोजला गेला.

पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी ही वसाहत त्यांच्याच नावाची. तेथील 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. खेड्यांत वीज येण्यापूर्वी रात्रीचे वाचन कंदिलाच्या उजेडातच होत असे. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी माळ्यावर असा जुना कंदील असेल, तर तो मागवून दाखवावा. ज्योतीभोवतीची काच वारा अडविते परंतु उजेड अडवीत नाही, हा काचेचा गुण त्यावरून सहज समजतो.

या इतिहासाची एक काळी बाजूही आहे. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे बांगड्यांचे मोठे केंद्र. तेथील भट्ट्यांवर व घरोघरच्या बांगडीकामात पूर्वी लहान मुलेही राबत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास लावण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांस धोक्याच्या कामास लावण्यास मनाई झाली. शाळेतील काचकाम ह्या कायद्याच्या आशयाशी सुसंगत असावे. धोक्याचा भाग शिक्षकाने स्वतः करावा आणि रचनेचा, रेखनाचा, आनंदाचा भाग मुलांनी करावा.

काच कोणती घ्यावी?

दोन्ही भेटींसाठी तसबिरीची साधी सपाट काच घ्यावी. तिची जाडी दोन ते तीन मिलिमीटर पुरे. तालुक्याच्या गावी तसबिरी मढविणाऱ्या दुकानात मोठ्या काचांचे उरलेले तुकडे पडून असतात. आगाऊ सांगितल्यास दुकानदार हव्या त्या मापाने कापून देतो. दहा सेंटिमीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर लांब हे माप सोयीचे पडते.

दुकानदार काच कशी कापतो हे शिक्षकांनी पाहून ठेवावे. तो काच आरपार कापीत नाही. हिऱ्याच्या कणीने किंवा पोलादी चाकाने तो पृष्ठभागावर केवळ एक ओरखडा काढतो आणि त्या रेषेवर काच हलकेच वाकवितो. लगेच ती रेषेबरहुकूम दुभंगते. कारण असे की, काचेचे बळ तिच्या पृष्ठभागाच्या अखंडपणावर अवलंबून असते. अगदी बारीक चीरही ताण एका जागी गोळा करते व फूट तेथूनच धावते. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची मीमांसा केली आहे. यातून शाळेसाठी दोन धडे निघतात. पहिला, ओरखडा असलेली काच मुलांच्या हाती देऊ नये. दुसरा, कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्याखेरीज काच वर्गात आणू नये, कारण धार हाताला कापते आणि कडेवरचे टवके पुढे काच फोडतात.

पुढील प्रकारची काच कोणत्याही परिस्थितीत वापरू नये :

(१) मोटारीची फुटलेली काच. ती विशेष प्रकारे कठीण केलेली असते, ती कापता येत नाही व एकदम चुरा होते.

(२) विजेच्या जुन्या नळ्या व त्याच जातीचे वळणदार दिवे. त्यांत पारा असतो.

(३) दवाखान्यातून टाकलेल्या औषधाच्या व इंजेक्शनच्या कुप्या. मुले त्या हौसेने गोळा करतात, त्यांस आरंभीच मज्जाव करावा.

(४) रस्त्यावर वा उकिरड्यावर सापडलेले बाटल्यांचे तुकडे.

कडा घासण्याचे काम शिक्षकाचे

तसबिरीच्या दुकानातून आणलेल्या प्रत्येक काचेच्या चारही कडा व चारही कोपरे शिक्षकाने स्वतः घासावे. त्यासाठी पाण्यात चालणारा काळा पॉलिशपेपर मिळतो. तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, परातीत पाणी घेऊन, काच पाण्याखाली धरून घासावी. कोरडी काच कधीही घासू नये. तिची भुकटी डोळ्यांत व नाकातोंडात जाते आणि ती अपायकारक असते. कडेवर आधी तिरपा व मग सरळ असा घास द्यावा. बोटाऐवजी जुन्या मोज्याचा तुकडा कडेवरून फिरवून पाहावा. धागा अडकला नाही म्हणजे कड तयार झाली. परातीतील पाणी वहाळात किंवा मुलांच्या वाटेवर न ओतता खड्ड्यात ओतून वर माती टाकावी. नंतर काच साबणाने धुऊन कोरडी करावी. बोटांचा तेलकट डाग राहिल्यास त्यावर रंग धरत नाही.

पहिली भेट : शिक्षकांसाठी उलटे चित्र

काचेच्या मागील बाजूस चित्र काढून ते पुढील बाजूने पाहावयाचे, ही कला आपल्या देशात जुनी आहे. तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने जी चित्रपरंपरा बहरली, तीत अशा काचचित्रांनाही स्थान मिळाले. सरफोजी दुसरे यांची १७९८ ते १८३२ ही कारकीर्द त्या दृष्टीने विशेष मानली जाते. अशा चित्रात रंग काचेच्या आड असल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही, हात लागत नाही आणि काचेची चकाकी चित्राला आपोआप मिळते.

या चित्राची रीत कागदावरील चित्राच्या नेमकी उलट असते. कागदावर आपण प्रथम पार्श्वभूमी रंगवितो, मग आकृती आणि शेवटी बारीक रेघा. काचेवर बारीक रेघा प्रथम, आकृतीतील रंग नंतर आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा पार्श्वभूमी लावली की राहून गेलेली रेघ पुन्हा घालता येत नाही. म्हणून काय आधी व काय मागून याचा क्रम मुलांकडून पाटीवर लिहवून घ्यावा. कामाचा पूर्वविचार करण्याचा हा उत्तम अभ्यास आहे.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. मागील बाजूस सरळ लिहिलेली अक्षरे पुढून पाहिली असता उलटी दिसतात. यासाठी पातळ कागदावर चित्र व मजकूर प्रथम सरळ काढावा. मग कागद पालथा करून खिडकीच्या उजेडाला धरावा आणि उमटलेल्या रेघा मागील बाजूस गिरवाव्या. ही उलटी बाजू वर ठेवून त्यावर काच ठेवली म्हणजे खालच्या रेघांबरहुकूम रंगविता येते. सममितीचा पाठ गणितात असतोच. तो येथे हाताने शिकला जातो.

रंग ॲक्रिलिक जातीचे घ्यावे. नुसते पोस्टर रंग वाळल्यावर काचेवरून पापुद्र्यासारखे सुटतात. ते वापरणे भाग असेल तर त्यांत थोडा पांढरा डिंक मिसळावा. तैलरंगाचे उरलेले जुने डबे वापरू नयेत. २०१६ साली केलेल्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असण्यास बंदी आहे. त्यापूर्वीच्या डब्यांची खात्री देता येत नाही, आणि शिसे हे लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. शेवटी मागे जाड पुठ्ठा लावून कडांवरून पुस्तकबांधणीची कापडी पट्टी चिकटवावी.

चित्राचा विषय मुलांना निवडू द्यावा. देवदेवता व थोर पुरुष यांची चित्रे उत्तमच, परंतु शाळेपुढचे लिंबाचे झाड, हातपंप, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, गुरुजींची सायकल यांपैकी काही निघाले तर ते शिक्षकास अधिक मोलाचे वाटेल. खाली कोणाचेही स्वतंत्र नाव न घालता शाळेचे नाव व वर्ष घालावे. ज्याने रेघ काढली, ज्याने रंग कालविला व ज्याने ब्रश धुतला त्या सर्वांची ती भेट आहे.

जिल्हा परिषदेच्या सेवकांस भेटी स्वीकारण्याच्या बाबतीत वर्तणूक नियमांची मर्यादा आहे, हे सर्वांस ठाऊक आहेच. मुलांच्या हातचे, अल्प खर्चाचे व सर्वांसमक्ष दिलेले चित्र ही त्या मर्यादेचा आदर राखणारी भेट होय. ज्या शिक्षकांस तेवढेही घेणे प्रशस्त वाटत नसेल, त्यांनी ते शाळेच्या भिंतीवर लावावे.

दुसरी भेट : मुलांसाठी पिंपळाचे जाळीदार पान

पिंपळाचे जाळीदार पान वहीत जपून ठेवण्याची हौस कोणत्या मुलाला नसते? पण वहीतले पान वर्षा-दोन वर्षांत तुटते. दोन काचांमध्ये ठेवले तर ते पुष्कळ वर्षे टिकते.

याचा आरंभ जानेवारीत करावा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिंपळाची पाने गळून नवी पालवी फुटते, आणि कोवळी पाने कुजविल्यास जाळीसकट विरून जातात. म्हणून जून, निबर व न फाटलेली पाने घ्यावी. मुलांच्या संख्येपेक्षा दीडपट पाने घेतली म्हणजे खराब झालेली वगळता येतात. गावात पिंपळाची पाने तोडण्याविषयी कोणाच्या भावना असतील तर आधी विचारून घ्यावे.

पाने मातीच्या मडक्यात पाण्यात बुडवून तोंडावर फडके बांधावे. फडके न बांधल्यास डासांची पैदास होते. मडके वर्गापासून दूर, सावलीत ठेवावे, कारण त्यास वास येतो. तीन-चार आठवड्यांत पानाचा मांसल भाग सैल होतो. अंबाडी किंवा ताग पाण्यात कुजवून वाख काढतात, त्यातलीच ही क्रिया आहे. पाण्यातील सूक्ष्म जंतू मऊ भाग खातात आणि काष्ठमय शिरा तशाच राहतात. मग पान थाळीत पाण्याखाली ठेवून दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशने हलकेच झाडावे. शिरांचे जाळे उघडे पडते. ते स्वच्छ पाण्यात धुऊन वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवावे आणि वर पुस्तकांचे वजन द्यावे. हे काम झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावे.

पान पूर्ण वाळले पाहिजे. ओलसर पान दोन काचांत बंद केल्यास आतल्या आत बुरशी धरते. वाळलेले पान एका काचेवर ठेवून खाली नावाची चिठ्ठी ठेवावी, वर दुसरी काच ठेवावी आणि चारही कडा कापडी पट्टीने बंद कराव्या. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, म्हणजे अक्षर फिकट होत नाही.

चिठ्ठीवर काय लिहावे हा प्रश्न लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. मुलाचे नाव, शाळेचे नाव व शाळेत असल्याची वर्षे, एवढेच लिहावे. गुण, क्रमांक, श्रेणी लिहू नये. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर अर्धे वर्ष बाहेर राहिलेल्या मुलालाही त्याच मापाचे पान आणि त्याच अक्षरातली चिठ्ठी मिळावी. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाचे पानही करून ठेवावे व त्याच्या घरी पोहोचवावे. ते हातात पडल्यावर एखादे मूल पुन्हा शाळेची पायरी चढले, तर समारंभाचे सार्थक झाले असे समजावे.

कामाची वाटणी व दक्षता

पहिली-दुसरीच्या मुलांनी पाने आणावी व वर्तमानपत्राच्या घड्या कराव्या. काचेस त्यांचा हात लागू नये. तिसरी-चौथीच्या मुलांनी चिठ्ठ्या लिहाव्या व पाने झाडावी. पाचवी ते सातवीच्या मुलांनी चित्र रंगवावे व कापडी पट्ट्या लावाव्या. काच घासणे, धुणे, उचलणे व एकीवर दुसरी बसविणे हे शिक्षकाने करावे. एका वेळी चार-पाचच मुले कामास बसवावी आणि खाली गोणपाट अंथरावा.

काच फुटलीच तर मुलांना प्रथम दूर करावे. मोठे तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलावे. बारीक कण भिजविलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपून घ्यावे, ते केरसुणीने निघत नाहीत. सर्व तुकडे व तो गोळाही कागदात गुंडाळून डब्यात घालावे व डब्यावर 'काच' असे लिहावे. उकिरड्यावर मोकळे टाकल्यास गुरांच्या पोटात व सफाई करणाऱ्यांच्या हातात जातात.

हात कापल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी व हात वर ठेवावा. जखमेत काच रुतली असेल तर ती ओढू नये. डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू देऊ नये. या दोन्ही प्रसंगी मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि पालकांस कळवावे. धनुर्वाताची लस झाली आहे की नाही याची नोंद पाहावी.

एवढी दक्षता घेतली तर हे काम निर्विघ्न पार पडते. एका काचेस लागणारा खर्च अल्प आहे. तो मुलांकडून न घेता शाळेच्या अनुदानातून, शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने करावा. समारंभाच्या दिवशी भेटी वर्गाच्या खिडकीत ओळीने उभ्या कराव्या, म्हणजे मागून ऊन येऊन पानांच्या शिरा स्पष्ट दिसतील. मग मुलांनी रांगेने येऊन आपापले नाव वाचावे आणि आपली भेट उचलावी.